निद्रेच्या अवस्था, स्वप्ने आणि शाळेतील मूल

निद्रा म्हणजे शरीर व मन यांचा पूर्ण विराम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. भारतीय तत्त्वचिंतकांनी स्वप्न व सुषुप्ती या अवस्था भिन्न मानल्या होत्या. मांडूक्य उपनिषदात त्यांचे निरनिराळे विवेचन आहे. निद्रा एकजिनसी नाही, हे विसाव्या शतकात प्रयोगानेही सिद्ध झाले. मुलांचे आरोग्य व अभ्यास यांच्याशी या विषयाचा निकटचा संबंध असल्याने प्राथमिक शिक्षकांस त्याची माहिती असणे अगत्याचे आहे.

हान्स बर्गर या जर्मन वैद्याने मानवी मेंदूतील विद्युत्‌लहरींच्या नोंदी १९२९ साली प्रसिद्ध केल्या. त्यामुळे माणसाची झोप न मोडता त्याच्या मेंदूचे व्यापार अभ्यासण्याचे साधन हाती आले. पुढे १९५३ साली अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसेरिन्स्की व नॅथानिएल क्लाइटमन यांना असे आढळले की, झोपेत काही काळाने मिटल्या पापण्यांआड बुबुळे झपाट्याने हलू लागतात. अशा वेळी झोपलेल्यांस २७ वेळा जागे करून विचारले, तेव्हा २० वेळा त्यांनी स्वप्नाचे तपशीलवार वर्णन केले. बुबुळे स्थिर असताना २३ वेळा जागे केले, तेव्हा १९ वेळा त्यांना काहीच आठवले नाही.

निद्रेचे आता दोन मुख्य भाग मानले जातात : शांत निद्रा व चलनेत्र निद्रा. शांत निद्रेच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली डुलकीची, ती काही मिनिटेच टिकते, व हाक मारताच जागा झालेला मनुष्य आपण झोपलोच नव्हतो असे सांगतो. दुसरी हलक्या झोपेची. तीत नाडी मंदावते व शरीराचे तापमान किंचित उतरते. तिसरी गाढ निद्रेची. तीत मेंदूच्या लहरी मोठ्या व संथ होतात आणि मनुष्य सहजासहजी जागा होत नाही. मुलांच्या वाढीस आवश्यक असा स्राव या अवस्थेत विशेष प्रमाणात होतो.

यानंतर चलनेत्र निद्रा येते. तीत मेंदूच्या लहरी जागृतीतील लहरींसारख्या दिसतात, श्वास व नाडी अनियमित होतात; परंतु हातापायांचे स्नायू शिथिल पडलेले असतात. म्हणूनच स्वप्नात धावणारा मनुष्य अंथरुणात पडूनच राहतो. शांत निद्रेतही काही स्वप्ने पडतात. तथापि लांबलचक व स्पष्ट स्वप्ने बहुधा चलनेत्र निद्रेतील असतात.

असे एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांत पुरे होते व रात्रीतून चार-पाच वेळा फिरून येते. मात्र सर्व आवर्तने सारखी नसतात. रात्रीच्या पूर्वभागात गाढ निद्रा अधिक असते, तर पहाटेकडे चलनेत्र निद्रेचा काळ वाढत जातो. शिक्षकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

परीक्षा जवळ आली की मुलांस पहाटे चारला उठवून पाठांतरास बसविण्याची चाल पुष्कळ घरी आहे. दहा वाजता झोपलेले मूल चारला उठविले, तर त्याची झोप तर अपुरी होतेच, शिवाय चलनेत्र निद्रेचा मोठा वाटा बुडतो. दिवसा शिकलेले मनात पक्के होण्यास निद्रेचे साहाय्य होते. सबब झोप मोडून केलेल्या पाठांतराचा लाभ पालकांस वाटतो तेवढा होत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलास दररोज नऊ ते बारा तास झोप हवी. पहाटे उठवावयाचे असेल, तर त्यास सायंकाळी तितकेच लवकर निजविले पाहिजे.

दुसरी बाब झोपेत भिण्याची. झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल एकाएकी किंचाळून उठून बसते, डोळे उघडे असूनही आईला ओळखत नाही आणि सकाळी त्यास काही आठवत नाही. गाढ निद्रेतून अर्धवट जाग आल्याने असे घडते. उत्तररात्री पडणाऱ्या वाईट स्वप्नाचे तसे नाही. त्यातून मूल पूर्ण जागे होते व काय दिसले ते सांगते. पहिल्या प्रकारात मुलास गदागदा हलवू नये. इजा होणार नाही एवढे पाहावे. दुसऱ्यात जवळ घेऊन धीर द्यावा. यांपैकी काहीही बाहेरची बाधा नव्हे. अंगाऱ्या-धुपाऱ्यात वेळ दवडणे व्यर्थ, आणि बाधा उतरविण्याच्या नावाखाली मुलास मारणे तर क्रूरपणाचे होय. बहुतेक मुलांचा हा त्रास वयाबरोबर कमी होतो. तो वारंवार होत असेल किंवा झोपेत हातपाय ताठ होऊन झटके येत असतील, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.

वर्गात पेंगणाऱ्या मुलास आळशी ठरवून उभे करण्यापूर्वी ते रात्री केव्हा निजले, पहाटे कोणत्या कामास उठले, हे आपुलकीने विचारावे. दूध घालणे, पाणी भरणे, धाकट्या भावंडास सांभाळणे, रात्री उशिरापर्यंत मोबाईल पाहणे, अशी कारणे त्यातून कळून येतात. एक आठवडाभर वर्गातील मुलांच्या निजण्या-उठण्याच्या वेळा वहीत टिपून ठेवाव्या व पालकसभेत कोणाचेही नाव न घेता त्या वाचून दाखवाव्या. स्वतःच्या गावातील या नोंदी ऐकून पालकांस मुलांच्या झोपेचा विचार करणे सोपे जाईल.