हसू आले आणि हसलो : अल्पखर्ची भयपट व त्याचा प्रेक्षक

१९७० साली प्रदर्शित झालेला 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' हा हिंदी चित्रपट तिकीटविक्रीच्या दृष्टीने साफ पडला. फाळणीनंतर कराची सोडून मुंबईस आलेल्या आणि लॅमिंग्टन रोडवर रेडिओचे दुकान थाटणाऱ्या फतेहचंद रामसे यांची ती निर्मिती होती. तथापि त्यांच्या सात मुलांपैकी तुलसी आणि श्याम या दोघांना चित्रपटगृहात एक गोष्ट आढळून आली. पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरीस निघतात आणि पोलिसांच्या गोळ्या त्यांना काहीच करू शकत नाहीत, एवढ्या एका प्रसंगाने प्रेक्षागृह उसळून उठे. मग सगळा चित्रपटच अशा प्रसंगांचा का नसावा? या प्रश्नातून 'दो गज़ ज़मीन के नीचे' (१९७२) जन्मास आला. महाबळेश्वरी मुक्काम, भाड्याच्या घराऐवजी विश्रामगृह, सेटऐवजी खरीखुरी जागा, आणि दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन ही सारी कामे भावाभावांत वाटलेली. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास झाल्याचे सांगण्यात येते.

म्हणजे हिंदीतील अल्पखर्ची भयपटाचे हे घराणे प्रेक्षकांच्या आरोळीतून निघाले. असे असता या चित्रपटांविषयी लिहिताना त्या आरोळीचा विचार क्वचितच होतो. रबरी मुखवटा, कोळिष्टके, धुराचा लोट आणि किंचाळणारी नायिका पाहून प्रेक्षक हसले, सबब भयपट फसला, असा निवाडा देऊन समीक्षक मोकळे होतात. हा निवाडा घाईचा आहे. त्यात 'हसले' या क्रियापदाकडे कोणी नीट पाहिलेले नसते.

चित्रपट पाहून आलेला मराठी माणूस आपला अनुभव दोन निरनिराळ्या वाक्यरचनांनी सांगतो. 'मला भीती वाटली', 'मला किळस आली', 'मला हसू आले', 'माझ्या अंगावर काटा आला' ही एक पद्धत. येथे व्याकरणदृष्ट्या कर्तेपण भीतीकडे, किळसेकडे, हसण्याकडे जाते. माणूस 'ला' प्रत्यय लावून बाजूस उभा राहतो, जणू काही ते सारे बाहेरून त्याच्याकडे आले. अनुभव घेणाऱ्यास असे चतुर्थीत बसविणे ही दक्षिण आशियातील अनेक भाषांची समान खूण आहे. 'मी हसलो', 'मी ओरडलो', 'मी शिट्टी मारली' ही दुसरी पद्धत. येथे माणूस स्वतः कर्ता होतो.

अर्थात प्रथमा विभक्ती दिसली की हेतू आहेच, असे समजणे चुकीचे ठरेल. 'मी दचकलो', 'मी घाबरलो' या वाक्यांत कर्ता प्रथमेत असूनही क्रिया त्याच्या ताब्यात नाही. 'मुद्दाम' हे क्रियाविशेषण लावून पाहिले की भेद स्पष्ट होतो. 'मी मुद्दाम हसलो' हे सहज म्हणता येते. 'मला मुद्दाम हसू आले' हे मराठीच नव्हे. आणि 'मी मुद्दाम दचकलो' याचा अर्थ दचकल्याचे सोंग केले एवढाच होतो. शिवाय 'भीती वाटत होती' ही अवस्था तासभर टिकू शकते, उलट 'दचकत होतो' म्हटले की पुन्हापुन्हा दचकणे सूचित होते. स्वस्त भयपटाचे तंत्र मुख्यतः या दुसऱ्या प्रकारावर चालते. दार करकरते, मांजर अंगावर उडी घेते, वाद्यांचा कल्लोळ होतो. दचकविण्यास पैसा लागत नाही. भीती वाटती ठेवण्यास मात्र कथा लागते.

आणखी एक बारकावा नोंदण्याजोगा आहे. 'तो भुताला भितो' हे वाक्य स्वभाव अथवा श्रद्धा सांगते. 'त्याला भीती वाटली' हे वाक्य एका प्रसंगातील अनुभव सांगते. म्हणून 'मी भूतबीत मानत नाही, पण रात्री भीती वाटली' असे कोणी म्हटल्यास त्यात विसंगती नाही. ('भूतबीत' यातील 'बीत' या प्रतिध्वनीने भुताची जी बोळवण होते, ती पानभर युक्तिवादाने होणार नाही.)

प्रेक्षकांच्या प्रतिसादाचे वर्गीकरण आपल्याकडे नवे नाही. रसचर्चेत भरतमुनींच्या सहाव्या व सातव्या अध्यायांचा आधार नेहमी घेतला जातो. सत्ताविसाव्या अध्यायातील सिद्धिविचार मात्र उपेक्षित राहतो. प्रयोग साधला की नाही हे प्रेक्षकांवरून कसे ओळखावे, हा त्या अध्यायाचा विषय होय. तेथे मानुषी आणि दैवी अशा दोन सिद्धी सांगितल्या आहेत. स्मित, अर्धहास, अतिहास, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' असे उद्गार, वाढत जाणारा गलबला, अंगावरील रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे आणि अंगठ्या देऊन टाकणे, ही मानुषी सिद्धीची लक्षणे. दैवी सिद्धीत रंगगृह भरलेले असते आणि त्यात शब्द नसतो, क्षोभ नसतो. हास्य आणि हळहळ या दोहोंना भरतमुनी एकाच यादीत बसवितात, आणि दोन्ही यशाच्याच खुणा मानतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या दृष्टीने 'पुराना मंदिर' (१९८४) पाहावा. रामसे बंधूंच्या या चित्रपटाने त्या वर्षी भरघोस उत्पन्न मिळविले. सामरी नावाचा शापित राक्षस, त्याचे धडावेगळे शिर, आणि त्याच कथेत मध्येच जगदीप यांनी केलेले 'शोले'चे विडंबन. विनोदाचा हा तुकडा कथेस अनावश्यक आहे हे कोणीही सांगेल. पण हसण्याची सोय निर्मात्यांनीच करून ठेवली होती, तेव्हा हसणाऱ्या प्रेक्षकाने चित्रपटाचा पराभव केला असे म्हणता येत नाही. पुढील रांगांतून येणाऱ्या शिट्ट्या, पडद्यावरील नायिकेस दिलेले सल्ले, राक्षस येण्यापूर्वीच उठलेली आरोळी, या सर्व 'मी हसलो, मी ओरडलो' या वर्गातील कृती होत. त्या चारचौघांत करावयाच्या असतात.

याच्या उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतील आहे. जॉर्ज रोमेरो यांनी पिट्सबर्गच्या परिसरात सव्वा लाखाहून कमी डॉलरांत केलेला 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा चित्रपट १९६८ मध्ये आला. रॉजर ईबर्ट या समीक्षकाने दुपारच्या खेळास बसलेल्या लहान मुलांचे जे वर्णन १९६९ च्या आरंभी प्रसिद्ध केले, ते प्रेक्षक-अभ्यासकाने आवर्जून वाचावे. प्रारंभी मुले नेहमीप्रमाणे मजेने किंचाळत होती. पुढे नायकनायिका वाचणार नाहीत हे उमगत गेले तसा आवाज थांबला; मुले निश्चल बसून राहिली, काही रडू लागली. रंगगृह निःशब्द झाले. भरतमुनींची दैवी सिद्धी ती हीच काय? लक्षण जुळते, पण ज्याच्या ठिकाणी ते दिसले तो प्रेक्षक आठनऊ वर्षांचा होता, आणि त्याला हे सोसण्याची कसलीच तयारी नव्हती. सिद्धिविचाराने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

व्यवसायाने मात्र निःशब्द भीतीचे मोल ओळखले. २००८ मध्ये रामगोपाल वर्मा यांच्या 'फूँक'च्या प्रसिद्धीसाठी, चित्रपटगृहात एकट्याने बसून तो पूर्ण पाहणारास पाच लाख रुपये देऊ केले गेले. अवघ्या सुमारे पंधरा हजार डॉलरांत झालेल्या 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी'च्या २००९ मधील जाहिरातीत तर अंधारात बसलेले प्रेक्षकच दाखविले होते. पहिल्या उदाहरणात प्रेक्षकास सोबत्यांपासून तोडले, दुसऱ्यात त्याच्या दचकण्यालाच विक्रीचा माल केले. 'फूँक'चा विषय करणीचा आहे, हेही विसरता कामा नये. सामरीला मराठी मुलखातील मुंजा, हडळ, खवीस, समंध यांच्या बिरादरीत जागा नाही. त्याला पाहून ओरडणे सोपे. करणीचे तसे नाही. ज्या राज्यास २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तेथील प्रेक्षक करणीच्या चित्रपटापुढे 'भुताला भितो' आणि 'भीती वाटली' यांतील अंतर तितक्या सहजपणे राखू शकेल असे वाटत नाही.

या अभ्यासास वसई-विरारसारखा प्रदेश फार सोयीचा आहे. २०१४ मध्ये पालघर जिल्ह्यात आलेल्या या पट्ट्यात प्रमाण मराठीच्या जोडीला वाडवळी, सामवेदी ख्रिस्ती समाजाची कादोडी, आगरी व कोळी बोली, गुजराती आणि हिंदी नांदतात. पडद्यावरील भूत हिंदीत बोलते. त्याला उद्देशून मारलेली हाक प्रेक्षक कोणत्या भाषेत मारतो, आणि खरोखर दचकला असता तोंडून कोणत्या भाषेतील उद्गार निघतो, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. नोंद घेणाराने 'प्रेक्षक हसले' एवढे टिपून भागणार नाही. हसू आले की हसले, आणि हसण्यापूर्वी क्षणभर शांतता होती काय, हे त्याच रात्री, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे लागेल. दुसऱ्या दिवशी विचारले असता बहुतेक जण 'हसलो' असेच सांगतात.