पांढरा गोंद गेला कुठे?

चेन्नईच्या आमच्या घरात पलंगाखाली एक खोकं आहे. त्यात डोळे न शिवलेला कापडी हत्ती आहे, एकाच बाजूने रंगवलेली पणती आहे आणि अर्ध्या अंगावर मोर चिकटवलेली काचेची बरणी आहे. चित्र कापून वस्तूवर चिकटवायचं आणि वरून गोंदाचे हात द्यायचे, या कलेला डेकुपाज म्हणतात. नाव फ्रेंच, अर्थ ‘कापून काढणं’.

पहिल्यांदा मोरावर गोंद फासला तेव्हा मला रडूच आलं. सगळा मोर दुधाळ झाला! सकाळी पाहते तर पिसन् पीस स्वच्छ. मग तो पांढरा रंग गेला कुठे?

अहो, रंग तिथे नव्हताच! या गोंदात पाणी असतं आणि त्यात प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे अगदी सूक्ष्म कण तरंगत असतात. प्रकाश कणांवर आपटतो, भलतीकडे वळतो, पुन्हा आपटतो. असा तो चहूकडे विखुरला की आपल्याला पांढरं दिसतं. दूधही असंच पांढरं दिसतं. पाणी उडालं की कण एकमेकांना खेटतात आणि एकजीव होतात. त्यांचा सलग पापुद्रा बनतो आणि प्रकाश आरपार जातो.

पण पाणी लवकर उडायला हवा कोरडी लागते, आणि आमच्या दाराशी तर समुद्र! त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर इथला मोठा पाऊस. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथे गोंद कसला वाळतोय?

तंजावरच्या चित्रकारांनाही असंच थांबावं लागतं. तिथल्या मराठा राजांनी, विशेषतः सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८–१८३२), तिथल्या चित्रकलेला आसरा दिला. फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर खडूची पूड आणि गोंद यांचा लेप द्यायचा, तो वाळला की घासून गुळगुळीत करायचा. मग दागिन्यांचा उठाव, खडे, सोन्याचा वर्ख. रंग त्यानंतर. म्हणजे देवाचे दागिने आधी तयार, चेहरा मागून! अशी अर्धवट चित्रं मला पुऱ्या चित्रांइतकीच आवडतात, कारण त्यांत खालचे थर उघडे दिसतात.

काल रात्री मी बरणी बाहेर काढून मोराची उरलेली बाजू चिकटवली. बाहेर पाऊस होता. आज सकाळी पिसारा लख्ख दिसतोय. चोचीपाशी मात्र गोंद जाड लागलाय, तिथे अजून एक पांढरा ठिपका आहे.