दीड महिन्याचे फुलपाखरू, ५१ वर्षांची अळी

कारध्याच्या पुलापाशी वैनगंगेची धोक्याची पातळी २४५.५० मीटर. पूर चढू लागला की सारा जिल्हा हा आकडा दशांशापर्यंत विचारतो. त्याच दिवसांत रानात उडणाऱ्या दोन जिवांचे आकडे मात्र कुणी विचारत नाही, आणि ते ऐकून डोके गरगरते.

पहिले फुलपाखरू. २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळालेली राणी पाकोळी पंख पसरते तेव्हा १२ ते १५ सेंटीमीटर भरते. फुलपाखराला हात लावला की बोटाला जी भुकटी लागते, ते त्याचे खवले. एका चौरस मिलिमीटरवर असे २०० ते ६०० असतात. म्हणजे नखाएवढ्या चौरस सेंटीमीटरभर जागेत २० ते ६० हजार!

दुसरे सोनपाखरू. काडेपेटीत बाभळीचा पाला घालून पोरे पाळतात, तोच हिरवा झळाळता भुंगा. त्याच्या टणक पंखांची झळाळी रंगद्रव्याची नाही. तिथे पापुद्र्यांची चळत असते आणि एकेक पापुद्रा मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढा. केसाच्या जाडीत असे सातशे मावतील. प्रकाश त्यांवरून परततानाच रंग उमटतो, म्हणून तो विटत नाही. जपानमधल्या होर्यूजी मंदिरात सातव्या शतकातल्या देव्हाऱ्याला लावलेल्या पंखांचे अवशेष आजही चमकतात.

खरी तफावत काळाची आहे. राणी पाकोळी महिना-दीड महिन्यात अंड्यातून पंखांपर्यंत पोचते. सोनपाखराच्या कुळातल्या अनेक अळ्या लाकूड पोखरत वाढतात. लाकूड वाळले की त्यातला कस जातो आणि वाढ रखडते. १९८३ साली इंग्लंडमधल्या एका घराच्या जिन्यातून असा एक भुंगा बाहेर आला. अळी म्हणून त्याची ५१ वर्षे लाकडात गेली होती. तेवढ्या काळात, खंड पडला नाही तर, राणी पाकोळीच्या चारशेवर पिढ्या होतील.

जगात फुलपाखरांच्या जाती सुमारे १८ हजार, तर या भुंग्यांच्या सुमारे १५ हजार. संख्येत फारसे अंतर नाही, आपल्या जिव्हाळ्यात मात्र आहे. फुलपाखरांसाठी आपण हौसेने लिंबू लावतो, पण वठलेले झाड दिसले की कुऱ्हाड काढतो. लिंबावरची अळी याच हंगामात उडताना दिसेल. वठल्या खोडातली बाहेर येईल तेव्हा बघायला कदाचित आपली नातवंडे असतील. त्यांच्यासाठी तरी बांधावरचे एखादे खोड उभे राहू द्यावे.