गाळात न बुडणाऱ्या गाठी

२६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ या भारतीय संशोधन जहाजाने अरबी समुद्राच्या तळावरून काही काळपट दगड वर काढले. गोव्यातल्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ ज्यांच्या शोधात होते, त्या याच बहुधात्विक गाठी. बटाट्याएवढ्या, ओबडधोबड. मँगनीज आणि लोह भरपूर. शिवाय निकेल, तांबे आणि थोडे कोबाल्ट.

अशी गाठ मधोमध कापली की आत एकावर एक चढलेली पुटे दिसतात आणि गाभ्यात शार्क माशाचा दात, बेसाल्टची कपची किंवा जुन्या गाठीचाच तुकडा. पाण्यातले आणि गाळातले विरघळलेले धातू या गाभ्याभोवती साचत जातात. वेग किती? दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर! म्हणजे मुठीत मावणारी गाठ माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे पडून आहे.

खरे कोडे पुढेच आहे. मध्य हिंदी महासागरात पाच हजार मीटरच्या आसपास खोलीवर चुन्याची कवचे टिकत नाहीत, विरघळून जातात. उरते ती बारीक माती आणि रेडिओलॅरियासारख्या सूक्ष्मजीवांचे सिलिकाचे सांगाडे. हा गाळ हजार वर्षांत एखाद-दोन मिलिमीटर साचतो, गाठींच्या वाढीच्या साधारण हजारपट वेगाने. मग गाठी केव्हाच गाडल्या जायला हव्या होत्या. तरीही असंख्य गाठी गाळावर उघड्या पडलेल्या दिसतात. तळाचे प्रवाह गाळ धुऊन नेतात आणि गाळात वावरणारे जीव गाठींना हलवत, वर ढकलत राहतात, असा अंदाज आहे. पण सगळा उलगडा झालेला नाही.

गाळाखाली बेसाल्ट आहे. सह्याद्रीचा कातळही बेसाल्टचाच, पण तो जमिनीवर पसरलेल्या लाव्हाचा. समुद्रातला लाव्हा मध्य-महासागरी कटकांच्या, म्हणजे समुद्राखालच्या डोंगररांगांच्या, भेगांतून उसळतो, थंड पाण्याने बाहेरून तत्काळ काचेसारखा गोठतो आणि उशांसारखे ढीग रचतो. याच भेगांत झिरपलेले पाणी साडेतीनशे अंशांहूनही जास्त तापते, खडकातले धातू विरघळवून वर फेकते आणि मुखाशी सल्फाइडची धुराडी उभी राहतात. डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी मध्य हिंदी कटकावर सुमारे साडेचार हजार मीटर खोलीवर असे जिवंत उष्णजलमुख टिपले.

आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी झालेल्या करारानुसार मध्य हिंदी महासागरातले ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र भारताकडे गाठींच्या शोधासाठी आहे. तिथे सुमारे ३८ कोटी टन गाठी असाव्यात, असा अंदाज. निकेल आणि कोबाल्ट बॅटऱ्यांना लागतात, त्यामुळे ही ओढ समजण्यासारखी आहे.

पण मऊ गाळाच्या त्या विस्तारात स्पंजसारख्या अनेक जीवांना चिकटायला कठीण जागा म्हणजे या गाठीच. १९८९ मध्ये पेरूच्या किनाऱ्यापासून दूर, पॅसिफिकच्या तळावर जर्मन शास्त्रज्ञांनी एक पट्टा मुद्दाम नांगरला. २०१५ मध्ये, म्हणजे २६ वर्षांनी ते परतले, तेव्हा नांगराचे चर तसेच दिसत होते. आणि एका जागी चिकटून, पाण्यातले अन्नकण गाळून जगणारे जीव तिथे पूर्वीइतके परतलेले नव्हते.