कारूनच्या कांठचीं माणसें

मुंबईच्या नाक्यानाक्यावर पूर्वीं असलेल्या उपाहारगृहांमुळें इराणी मनुष्य आपणांस अगदींच अपरिचित राहिलेला नाहीं. परंतु त्यांतील पुष्कळ मंडळी यज्दच्या बाजूची, म्हणजे वाळवंटाच्या कडेची. त्याच देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत एक मोठी नदी वाहते, आणि तिच्या कांठचें जीवन निराळ्याच तऱ्हेचें आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. या नदीचें नांव कारून. झर्द कूह, म्हणजे ‘पिवळा पर्वत’, याच्या बर्फांत ती उगम पावते, झाग्रोसच्या घळींतून वळसे घेत शुश्तर व अहवाज या शहरांवरून खालीं उतरते, आणि पूर्वीं मोहम्मरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खुर्रमशहराजवळ शत्त-अल्-अरबला मिळते. आगबोटी चालाव्यात अशी मोठी नदी सबंध इराणांत हीच एक. १८८८ सालीं नासिरुद्दीन शहानें ती परदेशी व्यापाराला खुली केली, तेव्हांपासून लिंच बंधूंच्या बोटी अहवाजपर्यंत जाऊं लागल्या. तेथें पात्रांत खडकांची रांग आडवी येते, म्हणून माल उतरवून वरच्या अंगाला पुन्हा चढवावा लागे.

अगदीं खालच्या टोंकाला अरबांचीं खेडीं होतीं. मातीचीं व बोरूचीं घरें आणि सभोंवार खजुरीच्या बागा. या बागांना ना मोट लागे, ना रहाट. समुद्राला भरती आली कीं ती नदीचें गोडें पाणी मागें रेटी. तें पाणी झाडांमधून खणलेल्या चरांत शिरे, आणि ओहोटी लागली कीं निघून जाई. दिवसांतून दोनदां, शेतकऱ्यानें हात न लावतां, शिंपण होई! कोंकणांत खाजणांना बांध घालून खारें पाणी अडवितां अडवितां ज्यांचे हात दुखले आहेत, त्यांना या सोयीचा हेवाच वाटेल.

याच नदीच्या आश्रयानें सबाई, म्हणजेच मंदाई, नांवाचे लोक राहतात. हे मुसलमानही नव्हेत व ख्रिस्तीही नव्हेत. स्नानविधि हा त्यांच्या धर्माचा गाभा, आणि तो एकदां करून भागत नाहीं. पुनःपुन्हां करावा लागतो. त्याला विहिरीचें पाणी चालत नाहीं, वाहतेंच हवें. शुभ्र वस्त्रें नेसून नदींत उभ्या राहिलेल्या या मंडळींना पाहून आपल्याकडील एखाद्या आजीबाईला कृष्णेच्या घाटाचीच आठवण होईल. चांदीवरील नक्षीकाम व नावा बांधणें हे त्यांचे जुने धंदे.

असो. कारूनचे खरे सोबती म्हणजे डोंगरांतले बख्तियारी. हफ्त लंग व चहार लंग या त्यांच्या दोन मोठ्या शाखा. हिंवाळ्यांत खालच्या उबदार कुरणांत राहावयाचें आणि वसंतांत शेळ्यामेंढ्या हांकीत झर्द कूहपलीकडे जावयाचें, हा त्यांचा वार्षिक क्रम. आणि वाटेंत नदी आडवी. ती उतरावयाची तीही बर्फ वितळून तिला लोंढा आलेला असतांना! शेळीचें सबंध कातडें, पाय व मान बांधून, फुंकून फुगवीत. अशीं पुष्कळ कातडीं काठ्यांच्या चौकटीखालीं बांधलीं कीं तराफा तयार होई. त्याला ‘कलक’ म्हणतात. त्यावर बायका, तान्हीं मुलें, म्हातारीं माणसें, कोकरें आणि अंथरूण-पांघरूण. पुरुष एकेक फुगविलेलें कातडें छातीखालीं घेऊन गारठलेल्या पाण्यांतून जनावरें पलीकडे नेत. १९२४ सालीं तिघां अमेरिकनांनीं एका टोळीबरोबर हा प्रवास करून त्याचा मूक चित्रपट काढला. त्याच्या जाहिरातींत पन्नास हजार माणसांचा आंकडा दिला होता. तोही त्या कातड्यांसारखा थोडा फुगविलेला असेल. पण नदींत वाहून जाणारीं जनावरें आणि बर्फावरून अनवाणी चढणारीं माणसें यांत कांहीं बनावट दिसत नाहीं.

या प्रवासांत बायकांच्या कामाला खळ नसतो. तंबूचें काळें कापड त्या शेळीच्या केसांचें घरींच विणतात. मुक्काम हलला कीं माग गुंडाळावयाचा, पुढें गेल्यावर पुन्हा खुंट्या ठोकावयाच्या. धान्य सरलें तर ओकच्या फळांचा कडूपणा पाण्यांत काढून त्यांच्या पिठाची भाकरी भाजावयाची. डॉक्टर एलिझाबेथ रॉस या स्कॉटिश बाई पहिल्या महायुद्धापूर्वीं या लोकांत राहून रोग्यांना औषधपाणी करीत असत. १९१५ सालीं सर्बियांत तापाच्या सांथींत रुग्णसेवा करीत असतां त्यांचा अंत झाला. बख्तियारी बायकांच्या घरगुती जीवनाबद्दलचें त्यांचें पुस्तक पुढें १९२१ सालीं निघालें. सरदार घराण्यांतील बीबी मरियम हिनें तर स्वतःच आठवणी लिहून ठेवल्या असून, आपल्याकडील बायकांच्या पराधीनतेबद्दल तींत स्पष्ट तक्रार केली आहे.

या लोकांच्या हिंवाळी कुरणांत, मस्जिद-सुलेमान येथें, २६ मे १९०८ रोजीं खनिज तेल लागलें. त्यापूर्वींच, १९०५ सालीं, तेल शोधणाऱ्यांनीं बख्तियारी खानांशीं करार केला होता: नफ्यांत शेंकडा तीन भाग, आणि पहाऱ्याबद्दल वर्षाला दोन हजार पौंड. खालीं आबादान बेटावरील जागेसाठीं १९०९ सालीं मोहम्मऱ्याच्या शेख खझअलशीं असाच करार झाला. त्याचें भाडें वर्षाला साडेसहाशें पौंड. हे दोन्ही कागद मुद्दाम लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. कुरणांत मेंढरें चारणारा धनगर आणि खजुरीचा बागाईतदार यांचें नांव त्यांत कोठेंच नाहीं. इनामदार आणि कुळें यांचे व्यवहार ज्यांनीं पाहिले आहेत, त्या आपल्या वाचकांना याचा अर्थ उलगडून सांगावयास नको. १९११ सालीं नळ आबादानपर्यंत पोंचला, पुढील वर्षीं तेथील शुद्धीचा कारखाना चालूं झाला. तेथें राबावयास हिंदुस्थानांतूनही हजारों माणसें गेलीं. १९२० सालच्या डिसेंबरांत पगारासाठीं या हिंदी कामगारांनीं तेथें मोठा संप केला होता.

कागदावर ज्यांचीं नांवें होतीं, तेही पुढें टिकले नाहींत. रझाखानानें १९२५ सालीं शेखाला पकडून तेहरानला नेलें. तेथेंच तो १९३६ सालीं नजरकैदेंत वारला. पुढें रझाशहा झालेल्या याच पुरुषानें भटक्या टोळ्यांना बळजबरीनें एका जागीं बसविलें. डोंगरावर न जातां आल्यामुळें उन्हाळ्याच्या तडाख्यांत त्यांचीं जनावरें मेलीं. १९४१ सालीं त्यानें गादी सोडतांच पुष्कळांनीं तंबू पुन्हा उखडले आणि जुनी वाट धरली.

आतां ती वाटही पूर्वींची राहिलेली नाहीं. १९५३ सालीं कूहरंग येथें डोंगर पोखरून उगमाकडचें कांहीं पाणी इस्फहानच्या नदींत वळविण्यांत आलें. सतराव्या शतकांत शहा अब्बासानें हाच उद्योग आरंभिला होता, त्याचा अर्धवट छाट तेथील डोंगरांत अजून दिसतो. पुढें १९७६ च्या सुमारास कारूनवर पहिलें प्रचंड धरण उभें राहिलें, मागाहून आणखी झालीं, आणि उतारांच्या कित्येक जागा जलाशयांत बुडाल्या. अजूनही कांहीं कुटुंबें कळप घेऊन डोंगर ओलांडतात. पुष्कळांचें सामान मात्र आतां मालमोटारींतून पुढें जातें. खालीं आबादानकडील बागा १९८० ते १९८८ च्या युद्धांत फार जळाल्या. ज्या उरल्या, त्यांच्या चरांत भरती अजून दिवसांतून दोनदां येते. पण वरून येणारें पाणी तोकडें पडल्यामुळें ती आतां पुष्कळदां समुद्राचें मीठ घेऊन येते.