वैमानिकाचा पहिला पगार आणि घरची जमीन



बारावीचा निकाल लागला की पुढे काय, हा प्रश्न घरोघरी निघतो. डॉक्टर, इंजिनिअर, फौजदार ही उत्तरे आता जुनी झाली. अलीकडे मुलगा म्हणतो, "मला पायलट व्हायचंय." मुलीही म्हणतात, आणि त्यात नवल नाही, आपल्या देशात दर शंभर वैमानिकांत सुमारे पंधरा स्त्रिया आहेत. या उत्तराबरोबर एक आकडाही घरात येतो, तो म्हणजे महिना दोन लाख पगार. मग वडील ओट्यावर बसून मनात हिशेब करतात, की दोन एकर विकली तरी पोर चार वर्षांत चार एकर घेऊन देईल.

विमानाशी माझा संबंध ते शिवारावरून जाताना मान वर करून पाहण्यापुरता. परंतु पिकाचा खर्च किती, उत्पन्न किती आणि मधल्या काळात घर कशावर चालणार, याचा मेळ घालण्यात माझी नोकरी गेली. त्याच रीतीने या धंद्याचा जमाखर्च आज मांडू या.

पहिला पगार किती?

दोन लाखांचा आकडा खोटा नाही. आपल्याकडील मोठ्या कंपन्यांत नवा सहवैमानिक पूर्णपणे कामावर रुजू झाला, की त्याला महिन्याला साधारण दीड ते अडीच लाख रुपये मिळतात. पुढे तो कॅप्टन झाला तर पगार कितीतरी पटींनी वाढतो. मात्र कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याला १,५०० तासांचे उड्डाण लागते, आणि प्रत्यक्ष बढतीला बहुधा त्याहून अधिक वर्षे जातात.

आता या पगाराची घडण पाहा. त्याचा एक भाग ठरलेला असतो, तर दुसरा भाग विमान किती तास उडवले त्यावर मिळतो. सुरक्षेसाठी वैमानिकाला वर्षात १,००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. म्हणजे वरची मर्यादा बांधलेली, आणि खालची कंपनी ठरवणार. एप्रिल २०२४ मध्ये विस्तारा कंपनीत याच गोष्टीवरून असंतोष झाला. नव्या करारात ठरलेला पगार ७० तासांऐवजी ४० तासांच्या हिशेबाने धरला गेला. नवख्या सहवैमानिकांना त्याची झळ अधिक लागली. वैमानिक कामावर येईनात, तेव्हा कंपनीला रोजची उड्डाणे कमी करावी लागली. ही कंपनी पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. म्हणून पगार किती, एवढे विचारून थांबू नका. त्यातला बांधलेला भाग किती, हेही विचारा.

पगाराआधीचा खर्च

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते. त्यासाठी सध्या पन्नास ते सत्तर लाख रुपये खर्च येतो. एवढ्यावर नोकरी मिळत नाही. ज्या प्रकारचे मोठे विमान चालवायचे, त्याचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. त्याचे आणखी पंधरा लाखांच्या आसपास धरा. विमान कंपन्यांच्या स्वतःच्या प्रशिक्षण योजना आहेत. त्यांचा खर्च कोटीच्या घरात जातो.

संस्था सांगतात, दीड वर्षात परवाना हातात. प्रत्यक्षात दोन-अडीच वर्षे लागलेली मुले पुष्कळ आहेत. पावसाळ्यात लहान विमानाचे उड्डाण अडते, विमान दुरुस्तीला जाते, शिकवणारा नोकरी सोडतो. ते दिवस वसतिगृहाचा आणि जेवणाचा खर्च चालूच राहतो.

भाव पाहून लागवड

बाजारात कांद्याला चांगला भाव आला की पुढच्या हंगामात जो तो कांदा लावतो, आणि माल निघतो तेव्हा भाव पडलेला असतो. वैमानिकाच्या धंद्यातही नेमके हेच घडते. २००४ नंतर आपल्याकडे नव्या विमान कंपन्या निघाल्या, पगार वाढले आणि हजारो मुलांनी कर्ज काढून परवाने घेतले. २००८ साली जगभर मंदी आली. भरती थांबली, आणि परवाना खिशात असलेली मुले वर्षानुवर्षे घरी बसली. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट. २०२० च्या कोरोनात तर चालू कंपन्यांनीही पगार कापले आणि बिनपगारी रजा दिल्या. आज वैमानिकांचा तुटवडा आहे असे ऐकू येते, पण खरी ओढ अनुभवी कॅप्टनांची आहे. २०० तासांचा नवा परवानाधारक आजही रांगेत उभा असतो.

हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलो शहराजवळ एका प्रादेशिक कंपनीचे विमान पडून ५० माणसे मेली. वेग घटल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने केलेली उलट कृती, हे अपघाताचे मुख्य कारण ठरले. पण चौकशीत आणखी एक गोष्ट उजेडात आली. सहवैमानिक तरुणीचा वर्षाचा पगार सोळा ते चोवीस हजार डॉलरच्या दरम्यानच होता, आणि कामावर हजर होण्यासाठी ती आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून प्रवास करून आली होती. ज्यांच्या हाती पन्नास जीव, त्यांचा पगार इतका कमी, हे वाचून अमेरिकेतील लोकही चकित झाले. पुढे २०१३ पासून तेथे सहवैमानिकालाही साधारण १,५०० तासांचा अनुभव सक्तीचा झाला. वैमानिक कमी पडू लागले, आणि २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या छोट्या कंपन्यांनी पहिल्या वर्षाचा दर ताशी ९० डॉलरपर्यंत नेला. काम तेच, विमाने तीच. फक्त माल कमी झाला आणि भाव चढला.

तात्पर्य असे की, मुलगा आज जो पगार ऐकतो तो आजच्या बाजाराचा भाव आहे. त्याचे पीक तीन-चार वर्षांनी निघणार आहे.

कर्जाचे गणित

समजा, ५० लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने १० वर्षांसाठी काढले. हप्ता महिना सुमारे ६९ हजार बसतो. परवान्यानंतर नोकरीसाठी दोन वर्षे थांबावे लागले, तर नुसते व्याजच ११ लाख होते. ते मुद्दलात मिळवले की हप्ता ८४ हजारांवर जातो. दीड लाखाचा पहिला पगार धरला, तर कर व कपाती जाऊन सव्वा लाख हाती येतील. हप्ता भरून उरले ४१ हजार, तेही मुंबई-दिल्लीत राहून. पोर उपाशी राहणार नाही हे खरे, पण पहिली काही वर्षे तो घरी पैसे पाठवील, ही आशा धरू नका.

साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँक बहुधा तारण मागते. शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बँका सहसा तयार नसतात, कारण थकलेल्या कर्जासाठी तारण जप्त करण्याचा जो २००२ चा कायदा आहे तो शेतजमिनीला लागू नाही. मग घर तारण जाते किंवा जमीन विकावी लागते. विकलेली जमीन पुन्हा त्याच भावात मिळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग करावे काय?

मुलाची हौस मारू नका. पायऱ्यांचा क्रम मात्र बदला. कमी खर्चाची पायरी आधी चढा.

पहिली पायरी वैद्यकीय तपासणीची. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नेमलेल्या डॉक्टरांकडून आधी दुसऱ्या वर्गाची आणि मग पहिल्या वर्गाची तपासणी करून घ्या. चष्मा बहुधा आड येत नाही, रंगांधळेपणा येतो. लाखो रुपये भरल्यावर हे कळण्यात काय अर्थ?

दुसरी पायरी लेखी परीक्षांची. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावे, हा आजवरचा नियम आहे. हवामानशास्त्र, नेव्हिगेशन आणि हवाई नियम यांचे पेपर उड्डाणाआधी देता येतात. ते सुटले तर मुलाची तयारी खरी आहे असे समजा.

तिसरी पायरी संस्थेची निवड. बारामती, गोंदिया, धुळे येथे प्रशिक्षण चालते. उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे सरकारी अकादमी आहे, तेथे प्रवेश परीक्षेने जागा मिळते. ऑक्टोबर २०२५ पासून महासंचालनालय संस्थांची श्रेणी जाहीर करते, ती पाहा. संस्थेत जाऊन शिकणाऱ्या मुलांनाच विचारा, की गेल्या महिन्यात किती तास उडालात? फी एकरकमी देऊ नका. जसे तास होतील तशी भरा. अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय मुलांसाठी सरकारी योजना निघतात, त्यांची समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

शेवटी एक कागद घ्या आणि दोन वर्षे नोकरी मिळाली नाही असे धरून हिशेब लिहा. त्या दोन वर्षांत हप्ता कोण भरणार, धाकट्या मुलीचे शिक्षण कशातून होणार, दवाखान्याला पैसे कुठून येणार, हे सारे त्यात येऊ द्या, आणि हा हिशेब मुलालाच लिहायला सांगा. बेत जमत असेल तर आनंदाने पाठवा. जमत नसेल तर पोराने पदवी घ्यावी, चार पैसे कमवावेत आणि नंतर परवान्याकडे वळावे. परवान्याला वयाची घाई नाही. अठरा वर्षे पूर्ण लागतात, पण पंचविशीत सुरुवात करणारेही वैमानिक होतात. गेलेली जमीन मात्र नंतर सवडीने परत येत नाही.