साठवणयंत्राची जोडणी कां गोठते?

संगणक जाळ्यावरील साठवणयंत्राशीं बोलूं लागतो, ओळख पटते, परंतु मोठी फाईल मागतांच सारें गोठतें. दोष पुष्कळदां पाकिटांच्या आकारमानांत असतो. ईथरनेटच्या एका पाकिटांत सामान्यतः १५०० बाइट मावतात. साठवणीच्या कामासाठीं ही मर्यादा दोन्ही टोकांस ९००० करतात. मधला स्विच मात्र १५०० वरच राहिला, तर लहान पाकिटें सुखरूप जातात, मोठीं तो मुकाट्यानें टाकून देतो; तक्रारीची चिठ्ठीहि धाडीत नाहीं! म्हणून साध्या पिंगवर विसंबणें भोळेपणाचें होय. श्रोत्यांनीं तुकडे करण्यास मनाई करून ८९७२ बाइटांचा पिंग धाडावा. वेष्टनाचे २८ मिळून ९००० भरतात. तो न पोंचतां १४७२ चा पोंचला, तर वाटेंतील प्रत्येक स्विचची मर्यादा तपासावी.